कम्युनिटी कॉलेजांतून कलाशाळेंत

अमेरिकेंतील शिक्षणपद्धतीचा परिचय आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस आतां बराच झाला आहे. कोणाचा भाचा, कोणाची पुतणी तिकडे शिकावयास असते, आणि तिकडील शब्द घरोघरीं येऊन पोंचतात. तरीहि एक शब्द असा आहे कीं, तो ऐकतांच वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. तो शब्द म्हणजे 'कम्युनिटी कॉलेज'. मुलगी चित्रकला शिकण्यासाठीं अमेरिकेंत गेली असें सांगितलें तर कौतुक होतें. ती आधीं कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षें काढून मग कलाशाळेंत जाणार आहे असें सांगितलें, कीं 'तेथें सरळ प्रवेश मिळाला नाहीं वाटतें?' असा प्रश्न हटकून येतो. हा प्रश्न अज्ञानमूलक आहे. परंतु या वाटेवर अडचण मुळींच नाहीं असेंहि नाहीं; आणि ती अडचण कोठें आहे हें वेळीं न कळल्यास विद्यार्थ्याचें एखादें वर्ष व आईबापांची मोठी रक्कम तींत सहज अडकून पडते.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था मुळांत आहे तरी काय? शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचें मत असें होतें कीं, महाविद्यालयाचीं पहिलीं दोन वर्षें हा वस्तुतः शालेय शिक्षणाचाच उत्तरार्ध होय. त्याचा भार विद्यापीठानें कशाला वाहावा? इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथील शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांस तें पटलें, आणि १९०१ सालीं तेथील हायस्कुलांतच सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. तें जोलिएट ज्युनियर कॉलेज त्या देशांतील सार्वजनिक ज्युनियर कॉलेजांत सर्वांत जुनें म्हणून आजहि चालू आहे. ज्युनियर कॉलेज म्हटलें कीं आपल्याकडे अकरावी-बारावी डोळ्यांपुढें येते. तो घोटाळा मात्र होऊं देऊं नये. शाळेचीं बारा वर्षें पुरीं झाल्यानंतरचीं हीं दोन वर्षें आहेत, आणि त्यांच्या अखेरीस 'असोसिएट' नांवाची स्वतंत्र पदवी मिळते. दुसऱ्या महायुद्धांतून परतणाऱ्या सैनिकांस १९४४ च्या कायद्यानें शिक्षणाचा खर्च मिळूं लागला तेव्हां सर्वत्र विद्यार्थ्यांची रीघ लागली, आणि १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळानें अशीं महाविद्यालयें देशभर काढण्याची शिफारस केली. 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव रूढ झालें तें त्यानंतर. कॅलिफोर्निया राज्यानें तर १९६० सालीं एक योजनाच आंखून टाकली: शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं गुणानुक्रमें वरच्या एक-अष्टमांशास राज्याचें विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशास राज्य महाविद्यालयें, आणि उरलेल्या सर्वांस, कोणालाहि दारांत न अडवितां, कम्युनिटी कॉलेज, तेथून दोन वर्षांनीं वर जाऊन तिसऱ्या वर्षांत बसण्याचा मार्ग मोकळा.

या दारांतून कोण येतें? अठरा वर्षांचीं मुलें तर येतातच. पण दिवसा दुकानांत काम करून सायंकाळीं वर्गास बसणारी चाळिशीची बाईहि येते, आणि शाळेंत चित्रकलेचा तास कधीं लाभलाच नाहीं असा तरुणहि येतो. कॅलिफोर्नियांत राज्याच्या रहिवाशास एका क्रेडिटमागें ४६ डॉलर पडतात, आणि असोसिएट पदवीस ६० क्रेडिटें लागतात. म्हणजे दोन वर्षांची सारी शिकवणी २,७६० डॉलरांत होते. उलट, ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनसारख्या खासगी कलाशाळेंत एका वर्षाचीच शिकवणी ६०,००० डॉलरांच्या पलीकडे गेली आहे, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. हे दोन आंकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे या वाटेनें कोणी कां जावें हें सांगण्याची आवश्यकता उरत नाहीं.

या ऱ्होड आयलंडच्या शाळेचा जन्म मोठा मौजेचा आहे. १८७६ सालीं फिलाडेल्फियास स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त प्रदर्शन भरलें होतें. त्यासाठीं ऱ्होड आयलंडमधील स्त्रियांच्या समितीनें जमविलेल्या निधींतून १,६७५ डॉलर शिल्लक राहिले. त्यांचें काय करावें याचा विचार झाला, आणि हेलन मेटकाफ या बाईंच्या पुढाकारानें १८७७ सालीं त्या पैशांतून प्रॉव्हिडन्स शहरीं कलाशाळा निघाली. समितीची शिल्लक चहापानांत संपविण्याची प्रथा त्या काळीं तिकडे नसावी! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील प्रॅट इन्स्टिट्यूट १८८७ ची. पश्चिम किनाऱ्यावर एडवर्ड ॲडम्स या जाहिरात-व्यवसायांतील गृहस्थानें १९३० सालीं लॉस एंजेलिस येथें आर्ट सेंटर ही शाळा काढली, तिचें सूत्र हेंच कीं, शिकविणारा मनुष्य स्वतः त्या धंद्यांत काम करणारा असावा. ती १९७६ पासून पॅसाडेना येथील टेकडीवर आहे. आणि त्याच पॅसाडेनांत, टेकडीखालीं, पॅसाडेना सिटी कॉलेज हें जुनें कम्युनिटी कॉलेजहि आहे. एकाच गांवांतील या दोन संस्थांमध्यें मोटारीनें थोड्या मिनिटांचें अंतर. विद्यार्थ्यास तें ओलांडावयास किती काळ लागतो, हाच खरा प्रश्न आहे.

कागदोपत्रीं हिशेब सोपा दिसतो. पदवीस १२० क्रेडिटें. त्यांतील ६० इकडे मिळवावीं, उरलेलीं ६० तिकडे. दोन आणि दोन चार. क्रेडिट म्हणजे आपल्याकडे हल्लीं ज्यास श्रेयांक म्हणूं लागले आहेत तें. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेणाऱ्याचा हिशेब पुष्कळदां असा जुळतोहि. कलाशाळेंत मात्र तो बहुधा जुळत नाहीं, आणि याचें कारण कोणाचा दुष्टावा नसून पदवीच्या घडणींतच आहे.

कलाशाळेंतील मुख्य पदवी 'बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स' ही व्यावसायिक पदवी समजली जाते. १९४४ सालीं स्थापन झालेली कलाशाळांची राष्ट्रीय संघटना या पदवीसाठीं असा दंडक घालते कीं, एकूण अभ्यासापैकीं निदान शेंकडा ६५ भाग कला व संकल्पन यांचा असावा. १२० चे शेंकडा ६५ म्हणजे ७८ क्रेडिटें. उरलीं ४२, तेवढ्यांतच भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र हें सर्व बसवावयाचें. आतां एखादी विद्यार्थिनी कम्युनिटी कॉलेजांतून ४५ क्रेडिटें अशा सामान्य विषयांचीं व १५ चित्रकलेचीं घेऊन आली असें धरा. सामान्य विषयांचीं तीन क्रेडिटें जागच्या जागींच निरुपयोगी झालीं, कारण त्यांस बसावयास जागाच नाहीं. कलेच्या ७८ पैकीं १५ वजा जातां उरलीं ६३. तीं दोन वर्षांत, म्हणजे चार सत्रांत, संपवावयाचीं तर प्रत्येक सत्रांत जवळजवळ १६, आणि तींहि सगळीं हातकामाचीं! व्याख्यानाच्या एका क्रेडिटास आठवड्यांत एक तास वर्गांत बसून दोन तास घरीं वाचावयाचें असतें. हातकामाच्या वर्गास तें उलटें: एका क्रेडिटास साधारणतः दोन तास वर्गांत उभें राहून काम आणि एक तास बाहेर. १६ क्रेडिटें म्हणजे आठवड्याचे बत्तीस तास निवळ वर्गांतच गेले. पोटासाठीं नोकरी करणाऱ्यानें हें कसें साधावें?

बरें, एखाद्यानें तेंहि साधलें तरी क्रमाची अडचण उभीच. कुंभकामाचा दुसरा वर्ग पहिल्यावांचून घेतां येत नाहीं, तिसरा दुसऱ्यावांचून नाहीं. बहुतेक कलाशाळांत पहिलें वर्ष पायाभूत, आणि पुढचीं तीन वर्षें विशिष्ट विभागांत, अशी रचना असते. त्या तीन वर्षांतील सहा सत्रें म्हणजे सहा पायऱ्यांचा जिना आहे. दोन पायऱ्या एकदम चढण्यास परवानगी नाहीं. त्यामुळें ६० क्रेडिटें घेऊन आलेला विद्यार्थीहि पायाभूत वर्षांतून सुटतो आणि दुसऱ्या वर्षांत बसतो. दोन आणि दोन चार होण्याऐवजीं दोन आणि तीन पांच होतात. खासगी शाळेंत या एका वर्षाची किंमत वर सांगितलीच आहे.

हें पायाभूत वर्ष कोठून आलें, याची हकीकत थोडी सांगणें इष्ट आहे. १९१९ सालीं वॉल्टर ग्रोपियस यांनीं जर्मनींतील वायमार येथें बाउहाउस ही शाळा काढली. तेथें योहानेस इटेन यांनीं असा परिपाठ घातला कीं, मनुष्य सुतारकाम शिको कीं विणकाम, प्रथम कांहीं महिने त्यानें रंग, आकार, पोत आणि साहित्य यांचाच अभ्यास करावा. शाळेंत पूर्वीं शिकलेलें विसरावें. नाझींच्या दडपणाखालीं ही शाळा १९३३ सालीं बंद झाली. त्याच वर्षीं तेथील शिक्षक योसेफ आल्बर्स अमेरिकेंत उत्तर कॅरोलिनांतील ब्लॅक माउंटन कॉलेजांत आले, व १९५० पासून येल विद्यापीठांत शिकवूं लागले. त्यांच्यासारख्यांच्या हातून ही कल्पना त्या देशांत रुजली. रेखन, द्विमिति संकल्पन, त्रिमिति संकल्पन, रंगविचार, हे वर्ग आज कम्युनिटी कॉलेजांतहि त्याच नांवांनीं चालतात. नांवें तींच, परंतु एकीकडे आठवड्यांतून दोन संध्याकाळीं तीन-तीन तास काम होतें, तर दुसरीकडे अख्खा दिवस उभें राहून. कलाशाळेंतील मंडळी नांवावर विश्वास ठेवीत नाहींत, काम दाखवा म्हणतात, तें या फरकामुळें. त्यांचा आग्रह कधीं कधीं अहंकाराकडे झुकतो, पण तो सर्वस्वीं अन्याय्य म्हणतां येणार नाहीं.

म्हणून या वाटेवर दोन निरनिराळे न्यायाधीश बसलेले असतात. सामान्य विषयांचीं क्रेडिटें नोंदणी-कचेरी तपासते. तिला गुणपत्रक आणि अभ्यासक्रमाचें वर्णन पुरतें. कलेचीं क्रेडिटें विभागाचे शिक्षक तपासतात, आणि त्यांना लागतो पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामाचा संच. बहुतेक ठिकाणीं बारा ते वीस कामें मागतात. प्रवेश मिळणें ही एक गोष्ट, आणि कोणत्या सत्रांत बसविणार ही दुसरी. एकाच संचावरून दोन्ही ठरतात हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. संच प्रवेशापुरता चांगला, पण वरच्या वर्गापुरता नाहीं, असें वारंवार घडतें.

संचांत काय असावें? ऱ्होड आयलंडच्या शाळेंत अनेक वर्षें प्रत्येक उमेदवारास सायकलीचें चित्र काढून पाठवावें लागे. ही प्रथा आतां राहिलेली नाहीं. पण तिच्यामागील विचार अजून सर्वत्र जिवंत आहे. सायकल सर्वांनीं पाहिलेली असते आणि साखळी कोणत्या चक्रास कशी जोडलेली आहे हें फारच थोड्यांनीं पाहिलेलें असतें. परीक्षकास हवा असतो तो डोळा. छायाचित्रावरून पेन्सिलीनें हुबेहूब उतरविलेला नटाचा चेहरा, ज्याचें आपल्याकडील दिवाणखान्यांत एवढें कौतुक होतें, तो तेथें मोजलाच जात नाहीं म्हटलें तरी चालेल. आपल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांतील वस्तुचित्राची शिस्त येथें कामास येते. मात्र सर्वांनीं तेंच मडकें आणि तोच कांदा काढावा हा बाणा येत नाहीं. कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्या संचांतहि हाच दोष आढळतो. एकाच शिक्षकाच्या हाताखालील सर्वांचे गृहपाठ एकसारखे असतात, आणि परीक्षकास पांचव्या संचांतच शिक्षक ओळखूं येतो. गृहपाठाबाहेरचें, स्वतःच्या हौसेनें व स्वतःच्या प्रश्नांतून केलेलें काम, आणि जोडीला एखादी कच्ची रेखनवही, यांनीं संच जिवंत होतो. 'नॅशनल पोर्टफोलिओ डे' या नांवानें अनेक शहरांत मेळावे भरतात. तेथें निरनिराळ्या कलाशाळांचे प्रतिनिधी समोर बसून कामें पाहतात व स्पष्ट अभिप्राय देतात. अर्ज करण्याच्या एक वर्ष आधीं तेथें जाऊन निराश होऊन यावें, हें अर्ज केल्यानंतर निराश होण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें.

हा तोटा काल्पनिक नव्हे. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कचेरीनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें आढळलें कीं, २००४ ते २००९ या काळांत एका महाविद्यालयांतून दुसऱ्यांत गेलेल्या विद्यार्थ्यांचीं सरासरीनें शेंकडा ४३ क्रेडिटें वाटेंत गळालीं. हा आंकडा सर्व विषयांचा मिळून आहे. तोटा टाळण्यासाठीं पुष्कळ महाविद्यालयें आपसांत आगाऊ करार करतात: अमुक कॉलेजचा अमुक वर्ग तमुक शाळेंतील अमक्या वर्गाबरोबरीचा धरला जाईल. कॅलिफोर्नियांत सार्वजनिक संस्थांमधील असे सारे करार एका ठिकाणीं पाहावयास मिळतात. खासगी कलाशाळांचे करार मात्र ज्याचे त्यास शोधावे लागतात, आणि तोंडी आश्वासनास तेथें किंमत नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें प्रत्येक वर्गाची अभ्यासक्रमपत्रिका जपून ठेवली, प्रत्येक कामाचें चांगलें छायाचित्र घेतलें, आणि कलाशाळेच्या कचेरीस पहिल्याच सत्रांत लिहून कोणते वर्ग घेऊं असें विचारलें, त्याचें नुकसान फार थोडें होतें. इंग्रजी निबंधलेखन, कलेतिहासाचे दोन वर्ग, एखादें विज्ञान आणि पायाभूत चित्रकला एवढें बहुतेक ठिकाणीं खपतें. छायाचित्रण, कुंभकाम, छापकाम यांचे वर्ग घेऊं नयेत असें नव्हे. भट्टी आणि अंधारखोली इतक्या स्वल्प खर्चांत पुन्हा मिळणार नाहींत. पण ते क्रेडिटासाठीं नव्हे, हातासाठीं घ्यावे.

दोन सार्वजनिक संस्थांनीं हा प्रश्न आपापल्या परीनें सोडविला आहे. न्यूयॉर्कची फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९४४ सालीं निघाली, १९५१ पासून ती राज्य विद्यापीठाच्या छत्राखालीं कम्युनिटी कॉलेज म्हणून चालते, आणि १९७५ च्या कायद्यानें तिला चार वर्षांची पदवी देण्याचाहि अधिकार मिळाला. पहिलीं दोन वर्षें व पुढचीं दोन वर्षें एकाच इमारतींत असल्यामुळें जिन्याची पायरी चुकत नाहीं. दुसरी, बोस्टन येथील १८७३ सालची मॅसाच्युसेट्स कला महाविद्यालय ही राज्याची शाळा. राज्यांतील रहिवाशास तेथील शुल्क खासगी शाळेच्या मानानें फार कमी, म्हणून एक वर्ष अधिक लागलें तरी घर बुडत नाहीं.

या वाटेनें गेलेल्यांची नांवें सांगावयाचीं तर बेटी सार या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचें सांगतां येईल. पॅसाडेना सिटी कॉलेजांत शिकून त्या लॉस एंजेलिसच्या राज्य विद्यापीठांत गेल्या आणि १९४९ सालीं तेथून संकल्पनाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. जुन्यापान्या वस्तूंची जुळणी करून केलेल्या त्यांच्या कलाकृति पुढें मोठमोठ्या संग्रहालयांनीं घेतल्या. वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांची हकीकत याहून बोलकी आहे. १९४७ सालीं कॅनडांतून लॉस एंजेलिसला आलेला हा तरुण मालमोटार हांकीत असे आणि सिटी कॉलेजांत वर्ग घेत असे. पुढें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत तो कुंभकामाच्या वर्गास बसला असतां ग्लेन ल्यूकन्स या शिक्षकाच्या ध्यानांत आलें कीं, याचा ओढा मडक्यांपेक्षां इमारतींकडे आहे, आणि त्यांनीं त्यास वास्तुशास्त्राकडे वळविलें. १९५४ सालीं पदवी. १९९७ सालीं बिल्बाओचें गुगेनहाइम संग्रहालय. या दोघांनींहि स्वतंत्र कलाशाळा न गांठतां विद्यापीठांतील विभाग गांठला हें येथें नमूद केलें पाहिजे, कारण विद्यापीठांत क्रेडिटांस जागा अधिक असते.

हल्लीं एक नवें भय या प्रश्नास जोडलें गेलें आहे. ज्या शाळेंत जावयाचें ती शाळा टिकेल काय? १८७१ सालीं स्थापन झालेली सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट, जिच्या भिंतीवर डिएगो रिव्हेरा यांनीं १९३१ सालीं भित्तिचित्र काढलें, तिनें २०२२ सालीं शिकविणें थांबविलें. नफ्यासाठीं चालविलेल्या 'आर्ट इन्स्टिट्यूट' या साखळीचीं उरलेलीं केंद्रें सप्टेंबर २०२३ मध्यें बंद झालीं. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सची बातमी तर ३१ मे २०२४ रोजीं फुटली आणि ७ जूनला दारें लागलीं. हजाराहून अधिक विद्यार्थ्यांस एका आठवड्याच्या अवकाशांत दुसरें छप्पर शोधावें लागलें. ज्यांच्याजवळ कामाचा संच आणि अभ्यासक्रमपत्रिका तयार होत्या त्यांचें बोलणें शेजारच्या शाळांशीं लौकर सुरू होऊं शकलें. जी संस्था खासगी आहे आणि जिचें पोट केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतें, तिची पटसंख्या गेल्या कांहीं वर्षांत वाढली कीं घटली हें आईबापांनीं निःसंकोच विचारावें. मुलीच्या स्थळाची चौकशी करतांना आपण याहून कितीतरी नाजूक प्रश्न विचारतों!

मुंबई-पुण्याच्या घरांतून या वाटेनें जाऊं पाहणाऱ्यांस दोन गोष्टी अधिक ध्यानांत ठेवाव्या लागतील. पहिली ही कीं, ४६ डॉलरांचा दर राज्याच्या रहिवाशांस आहे. परदेशी विद्यार्थ्यास त्याच वर्गास सात-आठ पट किंवा त्याहूनहि अधिक शुल्क पडतें, आणि अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ति वा कर्ज त्यास मिळत नाहीं. तरीहि खासगी शाळेच्या मानानें हिशेब हलकाच राहतो, पण 'फुकट' म्हणण्याइतका नव्हे. दुसरी गोष्ट प्रवेशपरवान्याची. विद्यार्थी-व्हिसावर असलेल्याची नोंद सरकारी दप्तरांत त्याच्या कॉलेजच्या नांवावर असते. शाळा बदलतांना जुनें कॉलेज ती नोंद एका ठराविक तारखेस नव्या शाळेकडे सोडतें; त्या तारखेनंतर जुन्या कॉलेजला ती परत घेतां येत नाहीं, आणि नव्या शाळेंत पांच महिन्यांच्या आंत वर्ग सुरू व्हावे लागतात. म्हणून नव्या शाळेचें प्रवेशपत्र आणि किती क्रेडिटें धरलीं व कोणत्या सत्रांत बसविलें याचा लेखी निर्णय, हे दोन्ही कागद हातीं पडल्यावरच ती तारीख ठरवावी.